दीपमाळ झालेला तक्ता

गेल्या शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर पाडणारा मॅजिक लँटर्न लागला… आणि मी काढलेल्या तक्त्याला मंडळींनी चक्क हात जोडले.

त्यांचं तरी काय चुकलं. आमच्या रत्नागिरीत लँटर्न लागतो तो उत्सवात, रामसीतेची चित्रं दाखवायला. या वेळी पडद्यावर यायचे होते आंबे.

माझा पुतण्या दिनू मुंबईची नोकरी सोडून इथे आला आहे. आंबे करंडीऐवजी फळ्यांच्या पेटीतून बोटीने धाडले तर कमी नासतात, असं त्याचं म्हणणं. बागाईतदारांनी यंदा पेट्या घेतल्या तर तो राहणार, नाही तर परत मुंबई… माझ्या घरात आता कविता ऐकणारा तोच एक. ऐकता ऐकता झोपतो, पण ऐकतो.

तक्ता मी केला होता. काचेवर दिव्याची काजळी धरली आणि सुईने दोन खांब कोरले. करंडीतल्या नासक्या आंब्यांचा उंच, पेटीतल्या नासक्यांचा बुटका. खाली बारीक अक्षरांत खुलासा… मनात म्हटलं, काम झकास झालं.

लँटर्न लागला, आणि उंच खांब दीपमाळेसारखा झळाळला. पुढे बागाईतदारांतले वडीलधारे गणूतात्या बसले होते. ते हो म्हणाले की बाकीचे हो म्हणणार. हात जोडून झाल्यावर ते म्हणाले, "बघा, मी सांगत होतो. करंडीच वरचढ."

"तात्या, तो नासक्यांचा खांब आहे," दिनू म्हणाला.

"नासक्यांचा? मग त्याच्यावर एवढा उजेड कशाला पाडलात, मास्तर?"

मंडप हसला. दिनू घाईघाईने आकडे सांगू लागला, तशी मागची मंडळी चपला शोधू लागली. तो माझ्या कानाशी आला… "काका, राहू दे आता."

मला एकदम माझा वर्ग आठवला. कविता शिकवताना मी अर्थ आधी कधीच सांगितला नाही. आधी डोळ्यांसमोर चित्र उभं राहू द्यायचं, अर्थ मागून आपल्या पायांनी येतो… हे मुलांना सांगण्यात जन्म गेला आणि तक्ता काढताना मीच विसरलो.

"पान खाऊन घ्या, तोवर दुसरी काच लावतो," म्हटलं.

नव्या काचेवर काजळी धरली. एका बाजूला करंडी कोरली, दुसऱ्या बाजूला पेटी. दोन्हींत आंबे. चांगले आंबे कोरून उजळ केले, नासके नुसत्या रेघेत काळे ठेवले. अक्षर एकही नाही.

पडदा उजळला. या वेळी कुणी हात जोडले नाहीत. तात्या उठून पडद्याशी गेले, करंडीतल्या एका काळ्या आंब्यावर बोट ठेवून उभे राहिले.

"एवढे जातात आमचे?"

"जातात, तात्या," दिनू हळूच म्हणाला.

बोट करंडीवरून पेटीकडे सरकलं. मग तात्या न वळताच म्हणाले, "पेटीत पेंढा घालतोस की गवत, रे?"

ज्याला पेटी घ्यायची नसते, तो हे विचारत नाही…

कालपासून आमच्या अंगणात करवत चालू आहे. भुसा पार माझ्या पुस्तकांवर येऊन बसतो. रात्री जेवणं झाल्यावर मी एक जुनी कविता काढली. दमलेला दिनू दुसऱ्याच कडव्याला घोरू लागला… मी मात्र शेवटपर्यंत वाचली, अगदी सावकाश.