लोटननानांचा नवस

खोटं कशाला बोलू, लोटननाना मला शेजारी म्हणून कधी फारसे आवडले नाहीत. त्यांच्या टेम्पोतून मी एकदा धुळ्याला मुलाखतीला निघालो होतो. आम्ही पोचलो तेव्हा मुलाखती आटपून साहेब जेवायला गेले होते. नाना म्हणाले, "धडधाकट तर पोचना ना!"

शिरपूरच्या बाजारात भाजीपाला पोचवायचा हा नानांचा धंदा. बोलणं मोजकंच. ‘संभाळीसन’, ‘सबूर’ आणि ‘सकाय पाहूत’, म्हणजे जपून, थांब आणि उद्या बघू, एवढ्यावर त्यांचा संसार चालला. मुलगी बघायला गेले तेव्हा म्हणे मुलीच्या आधी त्यांनी छताचा सर, म्हणजे आडवी तुळई, पाहिला, आणि तो पक्का आहे अशी खात्री झाल्यावरच आत बसले. ती मुलगी म्हणजे कमलबाई. त्या हे सगळ्यांना सांगतात, नानांच्या समोरच.

आमच्या गावात खंडेरावाच्या यात्रेला बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधायच्या, बैल नाहीत, वर गावातली माणसं लादलेली, आणि पुढून भगत ओढतो. उतारावर गाड्यांना वेग आला की आवरायला कुणी नसतं. नाना दरवर्षी शाळेच्या ओट्यावर, खांबामागे उभे राहून तिथूनच "सबूर! सबूर!" ओरडायचे. भगताने ते कधी मनावर घेतलं नाही.

गेल्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मेघा बाळंतपणाला आली आणि अडली. रातोरात धुळ्याला न्यावं लागलं. रक्त फार गेलं होतं, डॉक्टरही नीट बोलेनात. तेव्हा दवाखान्याच्या आवारातल्या निंबाखाली उभं राहून कमलबाईंनी खंडेरावाला नवस बोलला: दोन्ही जीव वाचू दे, मेघाचा बाप पहिल्या गाडीवर बसेल.

स्वतः गाडीवर बसायचा नवस का नाही बोललात, असं मी त्यांना पुढे विचारलं. "माले तर हौसच शे बसानी," त्या म्हणाल्या. "हौसना काय नवस ऱ्हास?" बरोबरच आहे. नवसाला घरातली सगळ्यात जड वस्तू द्यावी लागते, आणि त्या घरात नानांच्या भीतीहून जड काही नव्हतं.

मेघा वाचली, नातही गुटगुटीत झाली. पण नवऱ्याला सांगायचं कसं? कमलबाईंची झोप उडाली. नाना नाही म्हणाले तर देवाचं देणं राहणार, आणि ते नातीवर येणार. यात्रा तोंडावर आली तेव्हा एका दुपारी त्यांनी सांगून टाकलं. मी ठेचा मागायला गेलो होतो, म्हणून साक्षीला. नानांनी तोंडातला घास बेताने चावला, गिळला, वर पाणी प्यायलं.

"बसू," ते म्हणाले.

कमलबाई रडायलाच लागल्या. मी ठेचा न घेताच परत आलो.

यात्रेच्या दिवशी सकाळपासून नाना बाराही गाड्यांखाली वाकून आस, खिळे आणि दोर तपासत होते. शेवटी वना भगत तापला. "नाना, गाड्या मी वढस का तुम्ही?" नाना म्हणाले, "तूच वढ. संभाळीसन वढ." मग हेल्मेट घालून, त्याला भंडारा लावून, ते पहिल्या गाडीवर चढले. सारं गाव हसलं. मीसुद्धा.

येळकोट झाला, गाड्या सुटल्या. उतारावर वेग आला तसं नानांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता ‘सबूर’ येणार. काही आलं नाही. तोंड तसंच उघडं ठेवून, डोळे न मिटता, ते आमच्यासमोरून निघून गेले. मला एकदम भरून आलं, आणि त्याचा मला रागही आला.

देवळापाशी गाड्या थांबल्या. बाकीचे उड्या मारून उतरले, नाना कठडा धरून तसेच बसून राहिले. कमलबाई नातीला कडेवर घेऊन धावत आल्या.

"उतरा आते. नवस फिटना."

"तुना फिटना," नाना म्हणाले. "मना पुढला सालले."

"तुम्हना कोनता?"

"हाऊच. दवाखानाना जिनावर मी बी बोलनू व्हतू."

इतके दिवस दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते. मग कमलबाईंना हसू फुटलं. "मंग आज दोन्हीसना फिटना ना! एकच तर नवस शे!"

नाना नातीकडे पाहत होते. हेल्मेटचा पट्टा त्यांना सुटेना.

"नको, परत बसू," ते म्हणाले. "पोरनं काम शे. जोखीम कसाले?"