लाल पेन टाकून दिलेल्या मगदूमबाई

प्रभावती मगदूम या कोल्हापुरातल्या एका कर्णबधिर मुलांच्या शाळेत मराठी शिकवतात. बावीस वर्षं नोकरी झाली. आवाज असा खणखणीत की गल्लीच्या टोकाला ऐकू यावा, आणि गंमत बघा, वर्गात तो ऐकणारं कुणीच नाही! बाई शिकवायच्या खुणांनी आणि फळ्यावर. पोरं फळ्यावरचं उतरवून घेण्यात पटाईत. अक्षर असं की तपासणीला आलेले साहेब माना डोलवायचे. 'माझी आई' हा निबंध अख्ख्या वर्गाचा एकसारखा, सगळ्यांच्या आया पहाटे पाचला उठणाऱ्या. एका पोराची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. त्याच्या वहीत तीसुद्धा पहाटे पाचलाच उठत होती. ते वाचून बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नववीच्या प्रत्येकाला एकेक कोरी शंभरपानी वही दिली. मनात येईल ते लिहायचं, त्याखाली बाई उत्तर लिहिणार, पुन्हा मुलानं लिहायचं. गप्पाच, पण कागदावर. आणि बाईंखेरीज वही कुणी उघडायची नाही, हा शब्द.

मुख्याध्यापक कृष्णात सरांना हे काही पटेना. "मॅडम, गप्पा हाणायला पगार देत्यात व्हय आपल्याला?"

"व्हय सर, मला तरी त्याचाच देत्यात असं समजा," बाई म्हणाल्या. तोंडाला तोंड द्यायला त्या कुणाला हार जायच्या नाहीत.

पण पहिला घोटाळा त्यांच्याच हातून झाला. मुरगूडची इरम वसतिगृहात राहायची. पोरगी हुशार, पण तिचे वडील मौला यांनी निरोप धाडला होता की नववी संपली की तिला घरी नेणार. बाईंच्या जिवाला तोच घोर. इरमनं वहीत लिहिलं, 'मी गाव जाणे. बस गर्दी. उभी.' झालं! बाईंचा हात सवयीनं लाल पेनाकडे गेला आणि तीनही वाक्यं दुरुस्त होऊन बसली. दुसऱ्या दिवशी वही परत आली, तर इरमनं दुरुस्त केलेलं प्रत्येक वाक्य दहा-दहा वेळा लिहून आणलेलं. कुणी सांगितलं नव्हतं. लाल शाई म्हणजे शिक्षा, एवढंच शाळेनं तिला शिकवलं होतं. बाईंनी कपाळावर हात मारला, ते पेन केराच्या टोपलीत फेकलं आणि निळ्या पेनानं लिहिलं, 'तू गावाला गेलीस. बसमध्ये गर्दी होती म्हणून उभी राहिलीस. मीपण रविवारी गडहिंग्लजच्या गाडीत उभी होते. माझी चप्पल तुटली.'

इरमचं उत्तर आलं, 'चप्पल तुटली मग तुम्ही चालली कशी?'

बाई खुर्चीतून उठल्याच! बावीस वर्षांत एकाही पोरानं त्यांना लेखी प्रश्न विचारला नव्हता. प्रश्न विचारायचा तो बाईंनी, पोरांनी उत्तर पाठ करायचं, असाच रिवाज. त्यांनी लिहिलं, 'एका पायानं अनवाणी. सगळे माझ्याकडे बघत होते.' त्यावर इरम म्हणते, 'मला पण लोक बघतात. मी हाताने बोलते तेव्हा.' बाईंचे डोळे भरून आले. मग मात्र वही सुसाट सुटली. वसतिगृहातली आमटी, मैत्रिणीशी झालेलं भांडण, मोठी झाल्यावर काय व्हायचं, सगळं त्यात उतरू लागलं. बाई चूक दाखवत नसत, तेच वाक्य आपल्या उत्तरात नीट लिहीत, आणि महिन्याभरात ते इरमच्या लिहिण्यात आपसूक यायचं. मार्चपर्यंत तीन वह्या भरल्या.

एप्रिलमध्ये मौला आले, दाखला न्यायलाच. मुरगुडात त्यांचं गाद्या भरायचं दुकान. माणूस सरळ, पण बोलणं रोखठोक.

"बाई, आता बास की. सही येतीया, बोर्ड वाचती. दहावीत नापास झाली तर लोक हसत्यात, ते तिला सोसायचं न्हाय."

"ती नापास व्हायची न्हाय. तिला लिवाय येतंय."

"लिवाय?" मौला उसळले. "दहा वर्सं झाली, मला एक शब्द लिवला न्हाय तिनं!"

"आणि तुम्ही? तुम्ही तिला लिवलासा का कधी?"

बाईंच्या टेबलावर इरमच्या तीन वह्या होत्या. एक उघडून त्यांच्यापुढं टाकावी असं फार वाटलं, पण शब्द दिला होता. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या इरमला, वही दाखवू का, असं खुणेनं विचारलं. इरमनं 'नाही' म्हणून ठाम मान हलवली, कपाटातली कोरी वही काढली आणि अब्बांच्या पुढ्यात ठेवली. वर पेन.

मौलांनी घाम पुसला. चाचपडत लिहिलं, 'घरी येतीस का?'

'नाही.'

'का?'

'घरी माझ्याशी कोणी बोलत नाही.'

"आमी बोलतो की!" मौला मोठ्यानं म्हणाले, आणि इरम नुसतीच त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. ते त्यांच्याही ध्यानात आलं. मग त्यांनी लिहिलं, 'ईदला का रडलीस? ड्रेस आवडला नाही?'

इरम भराभरा लिहू लागली. 'ड्रेस छान होता. सगळे हसत होते. मी विचारलं काय झालं. अम्मी म्हणाली नंतर सांगते. अजून कोणी सांगितलं नाही.'

मौलांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी वही जवळ ओढली आणि ईदला सगळे कशाला हसत होते ते अर्धं पानभर लिहून काढलं. उजैरचाचा दुकानात नव्या गादीवर झोपला होता. कामावरच्या पोरांनी चेष्टेनं त्याच्यासकट गादी टेम्पोत चढवली. चाचाला जाग आली ती थेट कागलच्या नाक्यावर!

इरम वाचता वाचता खदखदून हसली. एवढ्या मोठ्यानं, की शेजारच्या खोलीतून कृष्णात सर धावत आले आणि दारातच थबकले. मौलाही हसत होते आणि डोळे पुसत होते.

इरमनं पेन हिसकावलं. 'मी दहावी करणार.'

मौलांनी लिहिलं, 'बघू.'

'बघू नको. हो किंवा नाही लिहा. आत्ता.'

मौलांनी वहीवरून मान वर केली. "बाई," ते म्हणाले, "ही लई बोलती की ओ!"

आणि त्यांनी पानभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हो.'