राणीची बाटली वाढली

आधीच सांगतो, मी मायक्रोबायोलॉजीचा पदवीधर. घरी सत्यनारायण असला की माझा संबंध प्रसादापुरता. उतारे, करणी, झपाटणं यावर माझा कधीच विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. या ग्रुपवरचे बरेचसे अनुभव वाचताना मला जांभया येतात, राग मानू नका. तरी लिहायला बसलोय, कारण ही गोष्ट एकट्याने सांभाळून आता कंटाळा आलाय.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्यात आमची छोटी लॅब होती. शेजारी प्रेसचं वर्कशॉप, त्यामुळे दिवसभर धाडधाड. माणसं तीन – मालक म्हणजे आमचे सर, मी आणि लीलाताई. लीलाताई काचसामान धुवायच्या, सशांचं खाणंपिणं बघायच्या.

आमचं काम पोल्ट्रीवाल्यांसाठी. कोंबड्यांना श्वासाचा एक आजार होतो, त्याचा विषाणू कोरोना नावाच्या जातीतला. तो विषाणू मारून सशांना टोचायचा. सशाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या की कानाच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं आणि त्यातलं सिरम वेगळं करून बाटलीत भरायचं. सिरम किती जोरदार आहे त्या मापाला टायटर म्हणतात. ते वाढावं म्हणून सगळी धडपड. ‘वाढलं का?’ हाच आमच्याकडचा रामराम.

आता लीलाताईंची एक सवय. त्या निफाडकडच्या, जुन्या वळणाच्या. काच फुटली तर ‘फुटली’ म्हणायच्या नाहीत. बांगडी फुटली तर बायका जसं म्हणतात तसं – ‘वाढली’. बीकर वाढला, नळी वाढली. मी चिडवायचो, ‘ताई, आम्ही वाढवायला बघतो ते वाढत नाही आणि तुमचं रोज वाढतंय.’ त्या हसायच्या. सर मात्र हसायचे नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला माणूस, त्यांना हे बोलणं कळायचंही नाही. एकदा महागडी काच फुटल्यावर त्यांनी बजावलं होतं, पुन्हा काही फुटलं तर कामावरून कमी करीन. लीलाताईंच्या नवऱ्याच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. कंपनी सुटून तो घरीच पडून होता. घर आणि त्याचं औषधपाणी, दोन्ही ताईंच्याच पगारावर.

मग सार्सचं वर्ष आलं. चीनमधला तो नवा आजारही कोरोना जातीचाच निघाला आणि इतकी वर्षं कोंबड्यांपुरत्या असलेल्या आमच्या सिरमला अचानक भाव आला. पुण्याच्या एका संशोधकाचा फोन आला – आपल्या अँटिबॉडी दुसऱ्या कोरोना विषाणूंना कितपत चिकटतात ते त्यांना बघायचं होतं. आमच्याकडे देण्याजोगं सिरम एकाच सशिणीचं होतं. लीलाताई तिला राणी म्हणायच्या. ती त्या उन्हाळ्यात उष्म्याने गेली. मागे उरली एक बाटली. लेबल मीच लावलेलं, तारीख चुकली म्हणून खोडून वर दुरुस्त केलेली.

त्या शनिवारी मी सिन्नरला मेव्हण्याच्या हळदीला गेलो होतो. राणीच्या सिरमचं टायटर मी शुक्रवारी पुन्हा लावून आलो होतो, निकाल बघून लीलाताई कळवणार होत्या, त्यामुळे जीव तिकडेच. दुपारी लॅबमधून ताईंचा फोन आला. बाहेर बँड वाजत होता, एका कानात बोट घालून ऐकत होतो.

‘भाऊ, राणीची बाटली वाढली.’

‘वा, छान झालं! सरांना सांगून टाका,’ मी म्हणालो.

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज.

सोमवारी लीलाताई गेटवरच उभ्या. डोळे सुजलेले. काचसामान धुताना ओला हात लागून, फ्रिजबाहेर राहिलेली बाटली ओट्यावरून खाली पडली होती. मी ‘छान’ म्हटल्यावर त्यांना वाटलं, मी टोमणा मारला. तरी माझ्या सांगण्यावरून त्यांनी सरांना शब्दशः तेच सांगितलं. सर खूश झाले आणि त्यांनी लगेच पुण्याला फोन करून माणूस बोलावला. ‘सायेब हसले भाऊ. मंग माझं तोंडच उघडंना,’ ताई म्हणाल्या.

फुटक्या काचा फिनेलच्या बादलीत टाकल्या होत्या. मी बघितल्या. एका तुकड्यावर माझं लेबल, खोडलेल्या तारखेसकट. दुसऱ्या एखाद्या सशाचं काही चालवून नेता येईल का, म्हणून मी फ्रिज उघडला.

राणीची बाटली जागेवर होती.

माझंच अक्षर, तीच खोडलेली तारीख. मी सिरम नेहमी बाटलीच्या खांद्यापर्यंत भरतो. हे गळ्यापर्यंत आलेलं. तुकड्यावरचं लेबल आणि हे लेबल मी शेजारी शेजारी धरून बघितलं... दोन्ही माझीच. पण मी एकच लिहिलं होतं. लीलाताई माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी बाटलीला हात जोडले.

पुण्याचा माणूस यायच्या आत मी टायटर करून बघितलं. तेही वाढलेलं. बाटली पुण्याला गेली, त्यांच्या प्रयोगात चाललीही. पुढे त्यांनी आणखी मागितलं, पण ते कुठून आणणार? सरांना हे कधीच कळलं नाही. ताईंची नोकरी राहिली.

मी पुष्कळ डोकं चालवलं. कुणी दुसरी बाटली ठेवली असेल म्हणावं, तर राणी मेलेली, सिरम आणणार कुठून? शेवटी विचार करणंच सोडून दिलं.

काही वर्षांनी लॅब बंद पडली. मी औषधांच्या एका डेपोत लागलो, लीलाताई दुसरीकडे. एका दुपारी त्यांचा फोन आला, हॉस्पिटलमधून. नवऱ्याचं जास्त झालं होतं. डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलवायला सांगितलं होतं. त्याला उचलून घेताना पलंगाच्या दांड्यावर त्यांचा हात आपटला होता.

‘भाऊ, माझी बांगडी वाढली,’ त्या म्हणाल्या.

मी, ‘ताई, धीर धरा,’ वगैरे सुरू केलं. त्यांनी मला मधेच थांबवलं.

‘तसं नगं. तवा तुमी म्हनले व्हते तसं म्हना.’

गोडाऊनमध्ये माणसं खोकी उचलत होती. मी एका कानात बोट घातलं, का कोण जाणे, आणि जमेल तेवढ्या आनंदाने म्हणालो, ‘वा, छान झालं.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या.

तो संध्याकाळी गेला.

इथे लोक विचारतात, असं घडलंच कसं. मला तो प्रश्न आता पडत नाही. फ्रिजमध्ये एक बाटली होती, मी ती हातात धरली होती, बस. शब्द तोच होता, बाई तीच, म्हणणारा मीच. एका बाटलीसाठी जे झालं, ते माणसासाठी का झालं नाही, एवढंच कुणी सांगू शकत असेल तर सांगा. लीलाताईंनी मला ते कधी विचारलं नाही. भेटल्या की चहा करतात, मनगटं मोकळी असतात.