मोहिल्यांनी ठोकलेली खुंटी

प्रबोध मोहिले बिशानला बाराव्या मजल्यावर राहत आणि सिंगापूरच्या बंदरात लोकांच्या चुका काढत. तो त्यांचा धंदाच होता. एका जहाज कंपनीचे ते सुपरिंटेंडंट. कंपनीची बोट आली की इंजिनरूममध्ये उतरायचं, कुठे काय गळतंय ते शोधायचं आणि अहवाल लिहायचा. ही नजर रविवारीही सुट्टी घेत नसे. कुणाकडे चहाला गेले तरी ते आधी त्यांच्या नळाकडे बघत. त्यांच्या पत्नी संजीवनीबाई हळूच म्हणत, "अहो, बसा. गळू दे. त्यांचं पाणी आहे."

शहाण्णव सालच्या एका बुधवारी त्यांना दोन बातम्या कळल्या. नदीकाठच्या 'बोट की' भागातल्या एका पबमध्ये इंग्लंडहून पेल एलचं एक पीप यायचं होतं. बाटलीतली नव्हे, पिंपातच मुरणारी बियर. हिच्यात वरून गॅस भरत नाहीत, हिला बर्फागत गार करत नाहीत. पीप आडवं ठेवून, गाळ खाली बसू देऊन, साध्या तोटीनं ग्लासात घेतात. ते शनिवारी पाच वाजता उघडणार होतं. आणि त्याच शनिवारी नंदू सामंतची बोट तेल भरायला बंदराबाहेर नांगर टाकणार होती. ही नंदूची शेवटची फेरी. पुढे तो वेंगुर्ल्याला घरी जाऊन बसणार, असं त्याच्या बायकोनं, कुमुदनं, संजीवनीबाईंना पत्रात कळवलं होतं.

नंदू आणि मोहिले अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

त्याआधी दोघांचा एक जीव होता. सत्तर साली चीफ इंजिनिअरची परीक्षा द्यायला दोघं इंग्लंडमधल्या साऊथ शील्ड्सला गेले होते. एकच खोली, एकच शेगडी आणि एकच बरा कोट. ज्याची तोंडी परीक्षा असेल त्यानं तो घालायचा. शनिवारी वर्ग सुटला की गल्लीतल्या पबमध्ये कोळशाच्या आगीजवळ बसायचं. पहिल्या दिवशी मोहिल्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, हा तर आईचा काढा. नंदू म्हणाला, मग गुमान पी, गुण येईल. महिन्याभरात तो कडवटपणा असा जिभेवर बसला की पुढे जगभरच्या बंदरांतली गार, फसफसणारी बियर मोहिल्यांना पाणीच वाटली. इतकं सुख आपल्याला पुन्हा लाभलं नाही, असं ते कधीकधी स्वतःशी कबूल करत. संजीवनीबाईंना हे सांगायची सोय नव्हती.

मग पंचाऐंशी साल आलं. नंदू चीफ इंजिनिअर असलेली कंपनीचीच एक बोट जुराँगला गोदीत आली आणि तपासायला मोहिले गेले. आग विझवायचा एक आणीबाणीचा पंप असतो. तो दर आठवड्याला चालवून पाहायचा आणि वहीत तशी नोंद करायची. नंदूनं तीन आठवडे पंप न चालवताच नोंद केली होती. हाताखालचे दोघे तापानं आडवे, मुख्य इंजिन रोज रुसलेलं. माणसाला हात दोनच असतात. त्यानं ते लपवलं नाही. म्हणाला, "प्रबोध, तुझ्यासमोर आत्ता चालवतो. तेवढी ओळ गाळ." पंप पहिल्या झटक्यात चालला. मोहिल्यांनी ओळ गाळली नाही. नोंदी खोट्या, असं लिहिलं. त्यापुढे पंप चालल्याचं लिहायचं मात्र राहिलं. राहिलं कसलं, लिहिलं नाही. मित्राला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून ते दुसऱ्या बाजूला झुकले. नंदूच्या हातची बोट गेली, कंपनीतली नोकरी गेली, आणि उरलेली वर्षं त्यानं गंजक्या बोटींवर काढली.

त्या अहवालात एकही शब्द खोटा नव्हता. तेच मोहिल्यांना सलत होतं. खोटं असतं तर माफी मागणं सोपं गेलं असतं. नंदू कायमचा घरी जायच्या आत त्याला हे तोंडानं सांगायचं, एवढंच आता हातात होतं. त्यांनी बोटीच्या एजंटकडे चिठ्ठी दिली: शनिवार, पाच वाजता, शील्ड्सची बियर. उत्तर आलं नाही.

शनिवारी ते चारलाच जाऊन बसले. पीप काउंटरवरच, लाकडी घोडीवर, ओल्या फडक्याखाली आडवं ठेवलेलं. पब सांभाळणाऱ्या मिस लिमनं बजावलं, "अंकल, डोन्ट टच, हां. टू डेज ऑलरेडी रेस्टिंग." आणि ती ग्लास आणायला आत गेली.

मोहिल्यांनी दहा मिनिटं दम धरला. पण पिंपाच्या पोटावर वरच्या बाजूला एक बारीक लाकडी खुंटी होती आणि तिच्या कडेनं फेस बुडबुडत बाहेर येत होता. थेंब ओघळून फडक्यावर पडत होता. एक पडला, दुसरा पडला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तीस वर्षं गळती दिसली की बंद करणारा तो हात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, काचेचा जाड ॲशट्रे उचलला आणि खुंटीवर दोन ठोके दिले. फेस थांबला. मोहिल्यांना फार बरं वाटलं.

पाचला आठदहा इंग्रज जमले. मिस लिमनं तोटी सोडली. आधी नुसता फेस उसळला, मग अर्धा ग्लास भरला, मग पिंपातून डबडब आवाज आला आणि धार तुटली. तिनं तोटी फिरवून पाहिली. थेंब नाही. इंग्रज कुरकुरू लागले, मिस लिम रडकुंडीला आली आणि मोहिल्यांना दरदरून घाम फुटला. पिंपाचा श्वासच त्यांनी कोंडला होता. वरून हवा आत गेली नाही तर खालून धार कशी लागणार? डिझेलच्या टाकीचा हवेचा पाइप कुणी असा बुजवला असता तर त्यांनी त्याच्यावर दोन पानं लिहिली असती.

"काय झालं?" मागून कुणीतरी मराठीत विचारलं.

नंदू होता. केस पांढरे, पोट सुटलेलं, क्लिफर्ड पिअरच्या धक्क्यावरून चालत आल्यामुळे शर्ट भिजलेला. त्यानं तोटी पाहिली, खुंटी पाहिली, ॲशट्रे पाहिला आणि शेवटी मोहिल्यांचं तोंड पाहिलं. इंजिनिअरला आणखी सांगावं लागत नाही. त्यानं खिशातला चाकू काढून खुंटी अलगद उचकटली. सुस्स करून हवा आत गेली आणि धार लागली.

"हू हॅमर लाइक दॅट?" मिस लिमनं विचारलं.

मोहिल्यांनी तोंड उघडलं, पण नंदू आधी बोलला. इथली हवा दमट, लाकूड फुगलं, कुणाची चूक नाही, असं त्यानं तिला शांतपणे पटवलं. ती खुंटी त्यानं स्वतःच्या खिशात टाकली.

दोन ग्लास घेऊन दोघं कोपऱ्यात बसले. बियर जरा गढूळ आली होती. मोहिल्यांनी घोट घेतला. आधी कडवट, मग भाजलेल्या पावाच्या कडेसारखी, आणि गिळल्यावर मागे राहणारा तो जुना तुरटपणा. त्यांना शील्ड्सची ती आग आठवली, तो एकुलता कोट आठवला आणि तो घालून परीक्षेला निघालेला तीस वर्षांचा नंदू आठवला. डोळे भरून आले. ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"खोटं बोललास माझ्यासाठी," ते म्हणाले.

"हो. मला जमतं ते."

"नंदू, पंप चालला होता. पहिल्या झटक्यात. मी पाहिलं आणि लिहिलं नाही."

नंदूनं ग्लास टेबलावर ठेवला.

"मला माहीतच आहे रे," तो म्हणाला. "कुमुदला माहीत नाही. अकरा वर्षं सांगतोय तिला की पंप चालत होता. ती हो म्हणते, पण माझ्याकडे बघत नाही. मला सांगून काय उपयोग? तिला लिहून दे."

मोहिल्यांनी मिस लिमकडून ऑर्डरचं पॅड मागून घेतलं. असंख्य अहवाल लिहिलेला माणूस, पण पहिला कागद फाडावा लागला. दुसऱ्यावर त्यांनी लिहिलं: कुमुदवहिनी, पंप माझ्यासमोर पहिल्या झटक्यात चालला होता. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. खाली सही केली, तारीख घातली. सहीखाली हुद्दा लिहायची सवय होती. तो त्यांनी लिहिला नाही.