शेवटची आठ पानं माझ्याकडे होती

मारोतीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी धानोऱ्याच्या कार्यालयात शाळांच्या याद्या तपासत होतो. फोन ठेवला आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता तो मला काही विचारणार नाही. वाईट नंतर वाटलं... तेही पुरतं नाही. दीड महिना झाला, त्याच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. गोड लिहायचं असतं तर मी लिहायलाच बसलो नसतो.

तो माझा आतेभाऊ. आरमोरीला राहायचा, एसटीत कंडक्टर होता आणि मुलांची जुनी पुस्तकं जमवायचा. गाडी जिथं थांबेल तिथं उतरून शाळेत शिरायचा, रद्दीवाल्याचे गठ्ठे उपसायचा. चित्रांची, गाण्यांची, दोऱ्यानं शिवलेली पातळ पुस्तकं. मुलं ती वाचून वाचून फाडून टाकतात, म्हणून ती कुठं उरत नाहीत. ती तो पत्र्याच्या पेट्यांत वेखंडाचे तुकडे घालून ठेवायचा आणि मुलांना हात लावू देत नसे. माझी मुलगी लहान असताना तिनं एकदा पेटीत हात घातला, तर तिचं मनगट धरून तिला अंगणात उभं केलं. "डोळ्यानं पाह्य. हातानं पाहाचं काम नाई." ती रडली, तरी याचा चेहरा हलला नाही.

त्याला सर्वांत जास्त हवं होतं ते एक साधं पुस्तक. हरवलेलं रेडकू शोधायला जंगलात गेलेल्या मुलीची गोष्ट. आमच्या गावच्या शाळेत आम्ही दोघांनी ती वाचली होती, पण त्या प्रतीचा शेवटचा फर्मा, म्हणजे आठ पानं, तेव्हाच गळून गेली होती. मुलगी नाल्याशी पोचते, पलीकडून काहीतरी हंबरतं, आणि पुस्तक संपतं. तीच तुटकी प्रत पुढे त्यानं शाळेतून मिळवली आणि तीस वर्षं ती आठ पानं शोधत राहिला.

आमचं बिनसलं ते माझ्या चुकीनं. शाळेतल्या प्रदर्शनासाठी त्यानं मला सहा पुस्तकं दिली होती. परत करताना बरी दिसावीत म्हणून मी ती गडचिरोलीला बांधायला टाकली. बांधणाऱ्यानं जुनी मुखपृष्ठं काढून फेकली, पुठ्ठे घातले आणि तिन्ही बाजू यंत्रावर सरळ कापल्या. चित्रातल्या मुलांची डोकीही गेली. भाऊ तेव्हा काही बोलला नाही. बोलला तो माझ्या मुलीच्या साक्षगंधात, व्याह्यांच्या पंगतीत. "याले पुस्तक द्याचं त पाहून द्या. हा मुंडके कापून वापस करते." सगळे हसले. व्याहीही हसले. मी हातात वाढायचं भांडं घेऊन उभा होतो.

पुढच्याच वर्षी धानोरा तालुक्यातल्या एका शाळेची जुनी पुस्तकं बाद करायची यादी माझ्याकडे आली. केंद्रप्रमुख म्हणून मी कपाट उघडलं. वाळवी लागलेल्या गठ्ठ्यात ते रेडकाचं पुस्तक होतं, अखेरच्या पानापर्यंत शाबूत. यादीत त्याच्यापुढे 'वाळवीने खाल्ले' असा शेरा मी माझ्या हातानं लिहिला आणि पुस्तक पिशवीत टाकलं. घरी कपाटात, कपड्यांच्या खाली, चार वर्षं ठेवलं. त्याला ते मिळू नये, एवढंच मला हवं होतं. मला त्याचा दुसरा काही उपयोग नव्हता.

या चार वर्षांत लग्नात, मयतीत भाऊ भेटायचा. पान चघळत एकच विचारायचा, "काई सापडलं का रे?" मी म्हणायचो, "नाई." तो मान हलवून दुसरीकडे जायचा.

तेरवीनंतर मी पुस्तक घेऊन आरमोरीला गेलो. वहिनी पुढच्या खोलीत पेट्यांशेजारी बसली होती. मी पुस्तक समोर ठेवलं. तिनं हात लावला नाही.

"चार वर्सं झाले ना, भाऊजी?"

"तुमाले कसं मालूम?" मी विचारलं.

"त्या शाळेत खिचडी शिजवनारी बाई ह्यायच्याच गाडीत बसे. त्याच आठवड्यात तिनं सांगतलं, साहेबानं रेडकाचं पुस्तक पिशवीत टाकलं म्हनून."

"मंग त्यानं मागितलं काऊन नाई?"

"मागतच होते ना. दरवेळी तुमाले इचारत होते." ती उठली, पेटीतून त्याची तुटकी प्रत काढून माझ्या हातात दिली. शेवटी आठ कोरी पानं होती, त्याच मापाची, त्यानं स्वतः दोऱ्यानं शिवलेली. "म्हने, आनून देईल तवा उतरवून घेतो आन् त्याचं त्याले वापस करतो. मी म्हनो, जाऊन भांडा. तर म्हने, नाई, त्याच्या तोंडून येऊ दे."

म्हणजे प्रत्येक वेळी माझं 'नाई' त्यानं जाणून ऐकलं होतं. मला तिथंही रागच आला. एकदा घरी येऊन शिव्या दिल्या असत्या तर मी पुस्तक अंगावर फेकून मोकळा झालो असतो... पण हे मी कुणाला सांगणार.

मी म्हटलं, "वैनी, शेवट वाचून दाखवतो. दोनच मिनिटं लागतील."

"नोका वाचू," ती म्हणाली. "त्यायनं नाई ऐकला, मी काऊन ऐकू?" आणि त्याची कोऱ्या पानांची प्रत माझ्या हातातून घेऊन तिनं पेटीत ठेवली.