फाट्यावर थांबलेले आबा

मला डोंगर लांबूनच आवडतात. ज्याने 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण काढली, त्याचे गुडघे माझ्यासारखेच असणार. त्यामुळे आमच्या वीजकेंद्रातल्या मंडळींनी शनिवार-रविवार सातपुड्यात जायचं ठरवलं, तेव्हा मी आधी चक्क नाही म्हणाले होते. पण ही सहल आबांसाठी होती. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि हॉलमध्ये समोसे-वेफर्सचा निरोप देण्यापेक्षा त्यांना डोंगरात न्यावं, भरीत पार्टी करावी, तिथेच शाल-नारळ द्यावा, अशी टूम आमच्या एका तरुण इंजिनिअरने काढली होती. आबा म्हणाले होते, माझ्यासाठी कशाला एवढं. ते दोन-तीनदा म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी तो विनय समजला.

आबा आणि मी एकाच डेस्कवर काम करायचो, पण कधीच एकत्र नाही. बॉयलरच्या डेस्कची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस समोर येऊन उभा राहतो, आधीचा त्याला सगळी परिस्थिती तोंडी सांगतो, आणि पुढचा 'घेतला चार्ज' म्हणाला की मगच आधीच्याने उठायचं. पुढचा आलाच नाही, तर बसून राहायचं, मग घरी पाहुणे खोळंबले असोत की पोराची मुंज असो. वर्षानुवर्षं माझी शिफ्ट आबांच्या शिफ्टला सोडवत आली. म्हणजे मी आत यायचे तेव्हा ते बाहेर पडायचे. कोळसा दळणारी कोणती मिल कुरकुरतेय, कोणत्या पंपावर लक्ष ठेवायचं, एवढंच आमचं बोलणं. मूळचे ते धुळ्याकडचे, घरी अहिराणी बोलतात, एवढंही मला या सहलीच्या गाडीत कळलं.

खिरोद्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, आमच्यातल्या एकाच्या मामाचा केळीचा मळा होता. उतरायचं तिथेच. पोचल्याबरोबर वांगी निवडण्यात बायका आणि कापसाच्या पऱ्हाट्या गोळा करण्यात पुरुष गुंततील, असं मला वाटलं होतं. पण तरुण इंजिनिअरच्या डोक्यात आधी डोंगर होता. जेवणं उरकून दुपारी सगळ्यांनी माथ्यावर जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. मी कपाळाला हात लावला आणि चालू लागले.

अर्ध्या चढावर एक फाटा लागला. डावीकडची वाट माथ्याकडे जात होती, उजवीकडची भलत्याच दरीत उतरत होती. मागे रेंगाळणारे चुकतील म्हणून कुणीतरी इथे थांबायला हवं होतं. आबा म्हणाले, मी थांबतो, नाहीतरी मला धाप लागलीये. इंजिनिअर म्हणाला, आबा, मी कुणालातरी पाठवतो, तोवर हलू नका. आबांनी मान डोलावली आणि सागाच्या झाडाखालच्या दगडावर रुमाल पसरून बसले.

वरून दिसलं ते मी नाकारणार नाही. केळीच्या बागांचा हिरवा पट्टा, त्यापलीकडे धुरकट तापीकाठ. थंडीचे दिवस होते, ऊन अंगाला बरं वाटत होतं. माझी कुरकुर थोडा वेळ बंद पडली, याची नोंद बऱ्याच जणांनी मोठ्याने केली. मग कुणीतरी मागच्या अंगाने थेट मळ्यात उतरणारी पायवाट शोधून काढली. ती जवळची होती. बसत, घसरत, एकमेकांचे हात धरत आम्ही त्या वाटेने खाली आलो. फाटा त्या वाटेवर नव्हताच.

खाली आल्यावर माणसं मोजली. पण मोजली ती आमच्या पद्धतीने. प्रत्येक शिफ्टने आपापली माणसं मोजली आणि 'आमचे पूर्ण' म्हणून सांगितलं, जसं ड्युटीवर सांगतो तसं. आबांची शिफ्ट त्या दिवशी कामावर होती. त्यांना एकट्यालाच खास रजा मिळवून दिली होती. त्यामुळे त्यांना मोजणारी शिफ्टच तिथे नव्हती. सगळ्या शिफ्ट पूर्ण होत्या आणि आबा डोंगरावर होते.

पऱ्हाट्या पेटल्या. वांगी भाजली, सोलली, लाकडी बडगीत ठेचली. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळायला घेतल्या. गाणी झाली, साहेबांच्या नकला झाल्या, मीही पोट धरून हसले. ऊन उतरत होतं. जेवणाआधी सत्कार उरकू म्हणून एकाने पिशवीतून शाल काढली, घडी मोडली आणि इकडेतिकडे बघू लागला. आबा कुठायत? हात-पाय धूत असतील, केळीत गेले असतील, गाडीत आडवे झाले असतील. गाडीत नव्हते. ज्याच्या नावाची पंगत, त्याचंच पान मांडायचं राहिलं होतं. फाट्यावर कुणाला पाठवायचं राहूनच गेलं, हे इंजिनिअरला तेव्हा आठवलं. फोन लावून पाहिला, पण त्या डोंगरात रेंज कुठली.

मी म्हणाले, ते फाट्यावरच असणार. त्यांना सोडवायला कुणी गेलेलं नाही, म्हणजे ते उठलेले नाहीत. हे मी मोठ्या खात्रीने सांगितलं, थोड्या अभिमानानेही. आमच्या खुर्चीची शिस्त ती. बाकीचे तरीही मळ्यामागच्या ओढ्याकडे शोधायला धावले, आणि मी मळ्यावरच्या सालदार गड्याला घेऊन वर निघाले. त्या चढावर मला वाटेल ते सुचत होतं. साप, अस्वल, त्यांची धाप. त्यांच्या बायकोला फोन करून काय सांगायचं, याची वाक्यंसुद्धा मी जुळवली. मी रडकुंडीला आले होते.

आबा त्याच दगडावर होते. कानाला मफलर, हात बगलेत. मला बघून उठले आणि नेहमीच्या आवाजात सांगू लागले: सगळे वर गेले, या वाटेने खाली कुणी आलं नाही, मोळ्या घेतलेल्या दोन बाया तेवढ्या गेल्या. मी सवयीने म्हणाले, "घेतला चार्ज." आणि मग माझा तोल सुटला. अंधार पडायला आलाय, थंडी आहे, शिस्त कसली पाळता, खाली यायचं ना सरळ. सालदार बिचारा अवघडून चार पावलं पुढे जाऊन उभा राहिला.

आबांनी मला बोलू दिलं. मग रुमाल झटकत म्हणाले, "रस्ता माले पाठ शे, ताई. पन कोन येस ते माले दखनं व्हतं."

कोण येतं ते त्यांना पाहायचं होतं. त्यांनी मला विचारलं, मी नाही हे कधी लक्षात आलं? मी म्हणाले, लगेच, खाली उतरल्याबरोबर.

त्यांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. मी नजर चुकवायला म्हणून वळले. दगडासमोरच्या झाडांमध्ये एक मोकळी फट होती, आणि तिच्यातून मळ्याचं अंगण स्वच्छ दिसत होतं. जाळ, धूर, गाड्या, जाळाभोवती धरलेलं रिंगण. त्यांनी वांगी भाजताना पाहिली होती, नकलांवरचं आमचं हसणं पाहिलं होतं. इतक्या वेळात एकाही माणसाने मान वर केली नव्हती, आणि त्या माणसांत मी होते.

"चला, भरीत थंड व्हई जाई," म्हणून आबा पुढे झाले. उतारावर मला हात द्यायला ते दर वळणाला थांबत होते.

खाली त्यांना शाल घातली. इंजिनिअरने कान पकडले. सगळ्यांनी आबांच्या शिस्तीचं कौतुक केलं, असा माणूस पुन्हा होणे नाही वगैरे. आबा शाल मांडीवर घेऊन पुरी खात राहिले. त्यांनी कुणाला दुरुस्त केलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

माझ्या निवृत्तीला अजून अवकाश आहे. तेव्हा मला निरोप द्यायला डोंगरात नेलंच, तर मी सगळ्यांच्या आधी खाली उतरेन. त्या दगडावर बसून अंगणाकडे पाहत राहण्याची हिंमत माझ्यात नाही.