समेआधीची जागा

"पाव ताजे आहेत ना हो?"

"नाही. तुमच्यासाठी कालचे राखून ठेवलेत."

बिबवेवाडीतल्या एका बेकरीसमोर मी रांगेत उभी होते. हे उत्तर माझ्या पुढच्या काकूंना मिळालं. काकू कसनुसं हसल्या आणि पाव घेऊन निघून गेल्या. काउंटरमागच्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पण माझी बोटं मला न विचारता हातातल्या पिशवीच्या बंदावर ताल धरून मोकळी झाली होती. 'नाही' ही उचल, मग एक रिकामी जागा, मग 'तुमच्यासाठी'ची चढण, आणि 'ठेवलेत'वर सम. बिनचूक. आतून भाजलेल्या मैद्याचा आणि वनस्पती तुपाचा जड, गोडसर वास येत होता. 

या शहराला आपल्या तिरकस बोलण्याचा फार अभिमान आहे. पाहुण्यांना एखादं जुनं देऊळ दाखवावं, तसे इथले लोक आपले टोमणे दाखवतात. मला त्यात कधी गंमत वाटली नाही. टोमणा खाणाऱ्याच्या बाजूने पाहिलं, तर कुणीतरी साधा प्रश्न विचारलेला असतो आणि कुणीतरी त्याला चारचौघांत लहान केलेलं असतं, एवढंच. पण एक गोष्ट मला नाकारता येत नाही, आणि नाकारता येत नाही याचाच जास्त राग येतो. ही माणसं लयीत बोलतात. कुठे थांबायचं, कुठला शब्द हातचा राखायचा, तो कधी आपटायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. गाणाऱ्याला वर्षानुवर्षं घासून जे येतं, ते इथे पाव विकणाऱ्यालाही येतं. दोघं ते कशासाठी वापरतात, हा वेगळा प्रश्न.

आमच्या बाईंचा कथकचा क्लास अशाच एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होता. दुपारी खाली भट्टी पेटायची, फरशी हळूहळू तापायची, आणि आम्ही त्या तापलेल्या फरशीवर पायांचे तत्कार घासायचो. बाई सडपातळ होत्या, ताठ बसायच्या, आणि मी कधी त्यांना आवाज चढवताना ऐकलं नाही. गरजच नव्हती. उशिरा आलेल्या मुलीला त्या म्हणायच्या, "ये. बस. चहा टाकू?" एकदा एका आईने विचारलं, आमची मुलगी पहिल्या रांगेत आहे ना? बाई म्हणाल्या, "अहो, पहिल्याच रांगेत आहे ती." मग त्यांचा हात हवेत गेला, तालातली बिनटाळीची खाली दाखवताना जातो तसा, रिकामा, तळवा वर. आणि टाळी पडावी तसा शब्द पडला, "प्रेक्षकांच्या." मी कोपऱ्यात ओढणीखाली मांडीवर मात्रा मोजत होते. त्या आईचा चेहरा उतरलेला मला दिसत होता, तरी माझं बोट नेमकं समेवर पडलं. मी लय शिकले ती तिथे. नाचताना कमी, दुसऱ्यांचा अपमान ऐकताना जास्त.

कथकमध्ये रचना नाचण्याआधी तिचे बोल म्हणून दाखवायचे असतात. एका हाताने दुसऱ्या तळहातावर ताल धरायचा आणि पाय पुढे जे बोलणार आहेत, ते आधी तोंडाने बोलायचं. याला पढंत म्हणतात. मी नाचायचे बरी. हे मीच सांगते आहे, कारण बाईंनी ते कधी सांगितलं नाही. बोल मात्र माझ्या तोंडात रुळत नव्हते. एक दिवस दाराआड बसून घुंगरू सोडत असताना मी त्यांना पेटीवाल्या काकांशी बोलताना ऐकलं. "पाय शिकवता येतात हो. जीभ कुठून आणायची?" त्या आठवड्यातच ठरलं, की वार्षिक कार्यक्रमात तुकडा, म्हणजे एक छोटी रचना, मी नाचायचा आणि त्याची पढंत माझ्याऐवजी वरच्या वर्गातल्या एका ताईने करायची. तुम्हाला कुणी नाव विचारावं आणि उत्तर शेजारच्याने द्यावं, तसं मला झालं. मी मान हलवली. तेव्हा मी सगळ्यालाच मान हलवायचे.

दोष खरा होता, हे मला माहीत होतं. माझी शाळा इंग्रजी, विचार इंग्रजीत. मराठी वाक्य माझ्या तोंडाशी यायचं ते एक जिना उतरून, दमून. समोरचा थांबलाय हे दिसलं की मी घाबरायचे आणि मधली जागा 'म्हणजे, म्हणजे' करत भरून काढायचे. तुकड्यातही तेच व्हायचं. शेवटी तिहाई होती. एकच बोल तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याचं शेवटचं अक्षर समेवर आणायचं. दोन बोलांच्या मध्ये थोडी जागा सोडायची होती. तिला दम म्हणतात. काही न बोलता तेवढा वेळ उभं राहायचं, बस. मला तेच जमत नव्हतं. मी दम खाऊन टाकायचे, धावत सुटायचे, आणि शेवटचं अक्षर गिळून कशीबशी पोचायचे. "समेवर येतेस तू," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "पण माफी मागत येतेस." घरी जाताना बसमध्ये मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. दम कसा घ्यावा, याचा त्याहून चांगला धडा मला कुणी दिला नाही. तो देणाऱ्या माणसाबद्दल मला तेव्हा काय वाटत होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझे आईबाबा अमरावतीकडचे. बाबांना कारखान्यात नोकरी लागली म्हणून पुण्यात आले. इथे आल्यावर आई दुकानात, बसमध्ये, शेजारच्या दारात जिथे तोंड उघडायची, तिथे कुणीतरी मिश्कील व्हायचं. मग त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं आणि वऱ्हाडीतच बजावलं, "तू आमच्यावानी बोलू नको." मी ऐकलं. त्यांच्यासारखं बोलणं सुटलं, इथल्यांसारखं आलं नाही, आणि इंग्रजी विचारात राहिली तरी शाळेच्या फाटकाबाहेर तोंडी फारशी कधी आली नाही. माझ्या बोलण्याला चालच उरली नव्हती. माझी जीभ कुठून आणायची हा बाईंचा प्रश्न म्हणूनच एवढा लागला असावा.

आणि मग एका संध्याकाळी आई मला न्यायला क्लासवर आली. मी नको म्हटलं होतं. दारात उभी राहून, पदर सावरत, तिने मोठ्या आदराने विचारलं, "बाई, पोरगी बरोबर करून राहिली ना?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. जागा सोडली. "करून राहिली. पण करायचं बरंच राहिलं."

सगळा वर्ग हसला. आईही हसली, सगळ्यांच्या बरोबर, मोकळेपणाने. जिना उतरताना मला म्हणाली, "बाई मोठ्या गमतीच्या आहेत वं."  खाली बेकरीत कुणीतरी ट्रे आपटत होतं. तुकड्याची पढंत मी स्वतः करणार, दुसरं कुणीही नाही, हे मी त्या जिन्यावर ठरवलं.

इमारतीच्या पार्किंगमध्ये, दुपारी माणसं नसताना, मी सराव करू लागले. आधी बाईंची नक्कल केली. त्यांच्यासारखं थांबायचं, शब्द हातचा राखायचा, मग आपटायचा. जमलं, पण ऐकायला असं वाटे की मी त्या उभ्या स्कूटरना रागावते आहे. तो दम उगारलेल्या हातासारखा होता. समोरचा आक्रसून जावा म्हणूनच ठेवलेला. मग एकदा मी वर आले तेव्हा आई फोनवर मावशीशी बोलत होती. "हौऽ ना वं... मी तं तेच म्हणून राहिली." हे मी जन्मभर ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा हातावर ताल धरून ऐकलं. आईही थांबत होती. पण थांबण्याआधी ती स्वर लांबवून त्याच्यावर रेलायची, उंबऱ्यावर बसल्यासारखी, आणि पलीकडून मावशी येईपर्यंत ती जागा ऊबदार राहायची. शांतता बाईंच्याएवढीच, मात्रा तेवढ्याच. एकीत माणूस बारीक व्हायचा आणि दुसरीत त्याला बसायला जागा मिळायची. मी पार्किंगमध्ये परत गेले आणि तिहाई आईच्या चालीत म्हणून पाहिली. प्रत्येक 'थेई'वर रेलले, थांबले, घाई केली नाही. सम आपणहून आली.

रंगीत तालमीला एका शाळेचा हॉल घेतला होता. खुर्च्यांवर आया बसल्या होत्या, तोंडात पिना धरून, मांडीवर गजरे घेऊन. माझी आई तिसऱ्या रांगेत होती. माझं नाव पुकारलं तशी पढंत करणारी ताई माइककडे निघाली. मी तिच्यापुढे हात केला. तिला काही कळलं नाही, म्हणूनच बहुधा तिने माइक देऊन टाकला. मी म्हणायला सुरुवात केली. "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्." आवाज बारीक होता, पण पाय रोवून उभा होता. तिहाईवर आले. "तिगदा दिगदिग थेईऽ." रेलले. थांबले. पुन्हा. पुन्हा. सम.

बाईंनी हात वर केला. पेटी थांबली.

"छान," त्या म्हणाल्या. "हे कुठल्या गावचं?"

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. कार्यक्रमात पढंत मीच केली. बाईंनी कौतुक केलं नाही, मी अपेक्षा केली नव्हती. दिवाळीनंतर मी क्लास सोडला. मध्ये कुठेतरी आमचं गोड झालं, त्यांचं मन मोठं होतं हे मला नंतर उमगलं, असं काहीही घडलं नाही. त्या मला आवडत नव्हत्या, आजही आवडत नाहीत. पण बोटांतला हिशोब त्यांचा आहे, तो मला काढून टाकता येत नाही. आता आम्ही धायरीला राहतो आणि आई शेजाऱ्यांशी इथल्यासारखं, नीटनेटकं, जपून बोलते. तिची चाल फक्त मावशीच्या फोनपुरती उरली आहे. मावशीही आता थकली आहे. उद्या ती चाल ऐकायची झाली तर माझ्याच तोंडी ऐकावी लागेल, आणि माझ्या तोंडी ती तेवढ्या एका तिहाईपुरतीच आली होती. भाषा जाते ती शब्दांपासून जाते असं लोकांना वाटतं. मला वाटतं, आधी तिचं थांबणं जातं.

तर, त्या हॉलमध्ये. बाईंचा प्रश्न हवेत होता. सगळ्यांचे चेहरे हसायच्या तयारीत होते, आणि तिसऱ्या रांगेत माझी आई त्यांच्यात सामील व्हायला नेहमीसारखं हसू लागलीच होती. मधली जागा माझी होती. मी तिच्यात 'म्हणजे' भरलं नाही. हवं तेवढं थांबले. मग माइकमध्येच म्हणाले,

"आमच्या घरचं आहे, बाई. आता तुम्ही ताल धरा."